बॅकयार्डातला स्विमिंग पूल आणि नातवंडं सांभाळायला जाणारे आपण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी लेख आला होता, तो वाचला. छान होता, म्हणजे मेतकूट न्यावं का, इन्शुरन्स कुठला घ्यावा, गुडघ्याला बेल्ट लावून विमानात बसावं का वगैरे सगळं होतं. पण लेखाबरोबर जो फोटो छापलाय ना, घराच्या मागे निळा गोल पूल आणि त्यात दोन पोरं, तो बघून मला राहवलं नाही. फोटोत पूलला शिडी लावलेली आहे, पूलला टेकून एक वेताची खुर्ची आहे, आणि आजूबाजूला कुंपण कुठंच दिसत नाही. माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर गेली, त्यामुळे लोकांना फोटोत पोरं दिसतात आणि मला आधी कंपाउंड दिसतं, त्याला काय करणार.

पण गंमत बाजूला ठेवून लिहिते कारण आपला पेपर वाचणाऱ्यांत माझ्यासारखे किती तरी जण आहेत की जे दर उन्हाळ्यात न्यू जर्सी, टेक्सास नाहीतर सिडनी-मेलबर्नला मुलाकडे जातात, आणि जातात ते फिरायला कमी, नातवंडं सांभाळायला जास्त. शाळेला सुट्टी, सूनबाई आणि मुलगा दोघं कामावर, घरात आजी-आजोबा आणि दोन-तीन वर्षांचं एक पोर. आणि मागच्या अंगणात चार फूट पाणी. या चार फूट पाण्याला कुंपण कसं असावं याचे तिकडे नियम आहेत, ते मुलांना अर्धे माहीत असतात आणि आपल्याला कोणी सांगतच नाही.

आधी हा पूल म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे पूल म्हणलं की खणलेला, टाइल्स लावलेला डोळ्यासमोर येतो. तसला नाही. हा जमिनीवर उभा करायचा पूल. मोठ्या दुकानातून खोका आणायचा, त्यात स्टीलचे पाइप, जाड प्लॅस्टिकचा कागद, एक छोटा पंप, फिल्टर आणि शिडी असते. दोघांनी मिळून दिवसभरात उभा होतो आणि मग बागेच्या नळीनं भरत बसायचं. पंधरा फूट व्यासाचा चार फुटी पूल म्हणजे सतरा हजार लिटरच्या आसपास पाणी, आपल्या हिशोबानं दीड-पावणेदोन टँकर. आता दीड टँकर पाणी घरामागे उभं केलं तर ते खेळणं कसं म्हणायचं, पण खोक्यावर हसरी पोरं छापलेली असतात आणि ते मिळतं खेळण्यांच्या शेजारच्या रॅकवर, त्यामुळे माझा मुलगाही म्हणाला की आई ह्याला कसली आलीये परवानगी. सूनबाईला मात्र शंका आली, तिनं टाउनशिपच्या, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या, साइटवर जाऊन बघितलं तर दोन फुटांपेक्षा जास्त पाणी राहू शकेल असा कुठलाही पूल असला तर परमिट लागतं. फॉर्म, प्लॉटचा नकाशा, हद्दीपासून पूल किती लांब, विजेचं कनेक्शन कुठून घेणार, सगळं लिहून द्यायचं. मी तो नकाशा हातात घेतला आणि मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं हो, फक्त चहावाला तेवढा नव्हता.

मग कुंपणाचा मुद्दा आला. आणि माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जो कोड, म्हणजे बांधकामाची नियमावली, चालते त्याचं साधारण सूत्र असं की पूलच्या चारी बाजूंनी कमीत कमी ४८ इंच उंचीचा अडथळा पाहिजे. उंची मोजायची ती बाहेरच्या बाजूनं, म्हणजे पोर जिथं उभं राहणार तिथल्या जमिनीपासून. खालची फट हिरवळ किंवा खडी असेल तर दोन इंचांच्या वर नको, काँक्रीट असेल तर चार इंच चालते. कुंपणाच्या गजांमधून चार इंचाचा चेंडू आरपार जाता कामा नये. फाटक बाहेरच्या बाजूला, पूलपासून लांब उघडणारं, सोडलं की आपोआप बंद होणारं आणि आपोआप कडी लागणारं, आणि कडी साडेचार फुटांवर. ती खाली बसवली तर पूलच्या बाजूनं, फाटकाच्या वरच्या कडेपासून निदान तीन इंच खाली, म्हणजे बाहेरून लहान हात पोचू नये. हे सगळं वाचताना मला मनापासून बरं वाटलं, प्रत्येक इंचामागे कोणीतरी लहान मुलाचं डोकं, हात, पाय मोजलाय हे कळतं.

पण पुढचंच कलम असं की पूल जमिनीवर उभा असेल आणि त्याची स्वतःचीच भिंत सगळीकडे ४८ इंच भरत असेल तर ती भिंतच कुंपण म्हणून धरायची! वेगळं कुंपण नको. मग शिडीचं काय, तर शिडी काढून ठेवता आली पाहिजे, नाहीतर कुलूप लावून बंद करता आली पाहिजे, नाहीतर शिडीपुरतं तरी वेगळं कुंपण घाला. बहुतेक लोक पहिला पर्याय घेतात कारण तो फुकट आहे. काही टाउनशिपचे स्वतःचे जास्तीचे नियम असतात, अंगणाला कुंपण पाहिजेच म्हणतात, ते गावागणिक बदलतं, म्हणून शेजारच्या गावातल्या मित्राला विचारून पूल घेऊ नये.

आमच्याकडे इन्स्पेक्टर आला. उंच माणूस, एकदम कमी बोलणारा. त्यानं टेप काढली आणि पूलभोवती एक चक्कर मारून जागोजागी भिंत मोजली. खोक्यावर ४८ इंच लिहिलंय म्हणून आम्ही निवांत. पण आमच्या अंगणाला शेजाऱ्यांच्या बाजूनं चढ आहे, आणि पूलची जागा सपाट करताना काढलेली माती मुलानं त्याच बाजूला सारून ठेवली होती, तर तिथं भरली ४६. दोन इंच कमी. नापास. मला आपल्याकडची सवय, मी मनात म्हणलं दोन इंचानं काय होतंय, साहेब जरा समजून घेतील, पण तो काही बोलला नाही, कागदावर लिहून गेला. मुलानं माती खरवडून काढली, तो परत आला, परत मोजलं, पास. त्यानं पंपही लांब करायला लावला. कोडमध्ये आहे की पंप, फिल्टर असली यंत्रं कुंपणाच्या बाहेर असतील तर ती कुंपणापासून कमीत कमी तीन फूट दूर पाहिजेत, कारण दीड फूट उंच पंप म्हणजे दोन वर्षांच्या पोराला आयती पायरी. आणि आमची भिंत हेच कुंपण, म्हणजे पंप भिंतीपासून तीन फूट. खोक्यातली नळी त्यासाठी आखूड पडली, जास्तीची आणावी लागली. विजेचा माणूस वेगळा आला, त्याचं काम मला समजलं नाही, एवढंच कळलं की साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर पंप चालवायचा नाही म्हणजे नाही.

तर सगळं रीतसर झालं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे हे प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पूलला टेकून बसले, ऊन खात. चहा झाला, आत आले, खुर्ची तिथंच. इन्स्पेक्टरनं पंप तीन फूट हलवला आणि आम्ही तिथं सव्वा फुटाची खुर्ची ठेवली. सूनबाईनं बघितलं आणि काही न बोलता खुर्ची उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. ह्यांना वाटलं ती रागावली. मग रात्री जेवताना मुलानं सगळं नीट सांगितलं तेव्हा कळलं. माझं म्हणणं हेच आहे की हे आल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. आणि मुलं सांगत नसतील तर आपण विचारावं.

शिडीचंही तसंच. ती तिकोनी असते, एक बाजू पूलच्या आत, एक बाहेर. काही शिड्यांच्या बाहेरच्या पायऱ्या तेवढ्या सुट्या काढता येतात, ते सगळ्यात सोयीचं. पण ज्यांची अख्खी शिडी उचलून काढायची असते ती ओली झाल्यावर चांगलीच जड लागते, साठी-सत्तरीतल्या माणसाला ती दिवसातून दोनदा उचलणं जमत नाही, मग काय होतं, असू दे, संध्याकाळी पोरगा आला की काढेल. त्या मधल्या तासांत त्या पूलला कुंपण नाही. कागदावर आहे, कारण परमिट देताना शिडी काढलेली होती. खणलेल्या पूलच्या कुंपणाचं फाटक आपण विसरलो तरी आपोआप लागतं, शिडी आपोआप निघत नाही, ती कोणीतरी काढावी लागते, आणि तो कोणीतरी म्हणजे दुपारभर पोरामागे धावून दमलेली आजी.

हे मी उगाच घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बुडणं हेच आहे, असं त्यांचंच सरकारी आरोग्य खातं सांगतं. आणि त्याच खात्याचं म्हणणं आहे की पूलला चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण असेल तर बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो, कशाच्या तुलनेत, तर तीन बाजूंनी प्लॉटचं कुंपण आणि चौथ्या बाजूला घर अशी जी नेहमीची रचना असते तिच्या तुलनेत. चौथ्या बाजूचं घर म्हणजे काय तर स्वयंपाकघराचं सरकतं दार, जे आपण दिवसभर उघडं टाकतो कारण फोडणीचा धूर झाला की तिकडे अलार्म वाजतो! म्हणून ज्यांचं घर हीच चौथी बाजू आहे त्यांना दाराला वेगळा अलार्म लावायला सांगतात, दार सरकलं की पीं पीं. आमच्या ओळखीतल्या एका आजोबांना त्या आवाजाचा इतका वैताग आला की त्यांनी त्याची बॅटरीच काढून ठेवली, आणि हे ते हसत हसत सांगत होते.

चार फुटी भिंत पुरेशी आहे असं जे मानतात त्यांनी आणखी एक गोष्ट ऐकावी. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलीग्रुप या तीन कंपन्यांचे मिळून सुमारे ५० लाख पूल रिकॉल केले, म्हणजे धोका आहे म्हणून दुरुस्तीसाठी जाहीर केले, सगळे चार फूट आणि त्याहून उंच, २००२ पासून विकलेले. कारण काय, तर पूलच्या उभ्या पायांभोवती बाहेरून एक पट्टा फिरवलेला असतो, फुगवटा धरायला. त्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मुलं वर चढली. २००७ ते २०२२ या काळात नऊ मुलं गेली, सगळ्यात लहान २२ महिन्यांचं, सगळ्यात मोठं तीन वर्षांचं. म्हणजे शिडी काढलेली असली तरी भिंतीवरच पायरी होती. कंपन्या त्यावर दुरुस्तीचा किट फुकट देतात, पट्ट्याच्या जागी लावायला दोर असतो त्यात, आणि तोपर्यंत मुलांना पूलजवळ एकटं जाऊ देऊ नका किंवा पूल रिकामा करा असं सांगितलंय. आता किती तरी लोकांनी असले पूल जुने, दुसऱ्याकडून घेतलेले असतात, त्यांना कंपनीची मेल येणार नाही की पत्र येणार नाही. मुलाकडे असा पूल असेल तर बाहेरून एक फेरी मारा आणि बघा पट्टा पायाच्या बाहेरून गेलाय का. चष्मा लावून बघा, पट्टा पूलच्याच रंगाचा असला की पटकन दिसत नाही.

न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २००६ नंतर बसवलेल्या पूलला पाण्यात कोणी पडलं तर वाजणारा अलार्मही लागतो. ते ठीकच आहे. पण मला विचाराल तर ऑस्ट्रेलियावाल्यांचं डोकं या बाबतीत जास्त ठिकाणावर आहे. माझी भाची सिडनीजवळ असते. तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये ३० सेंटीमीटर पाणी राहू शकेल असा पूल म्हणलं की कुंपण आलं, मग तो खणलेला असो, उभा केलेला असो नाहीतर हवा भरून फुगवलेला असो. आणि पूलची स्वतःची भिंत कुंपण म्हणून धरत नाहीत, विषय संपला. कुंपण १.२ मीटर उंच, त्याच्याभोवती ९० सेंटीमीटरच्या पट्ट्यात चढायला उपयोगी पडेल असं काही नको, ना कुंडी, ना खुर्ची, ना झाडाची फांदी. पूलची नोंदणी करावी लागते, घर भाड्यानं द्यायचं किंवा विकायचं तर त्याआधी पूलचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि बुडालेल्याला श्वास कसा द्यायचा त्याची पाटी पूलजवळ लावायची. शेजारच्या व्हिक्टोरियात २०१९ च्या डिसेंबरपासून नोंदणी सक्तीची झाली आणि दर चार वर्षांनी तपासणी. भाची म्हणते की इथं लोक कुरकुर करतात, दोनशे डॉलरच्या पूलला दोन हजाराचं कुंपण. करू देत कुरकुर. ज्याला कुंपण परवडत नाही त्यानं गुडघाभर पाण्याचा टब घ्यावा आणि वापर झाला की पालथा करावा.

अमेरिकेतल्या कोडवाल्यांना बहुतेक वाटलं असणार की चार फूट भिंत आहेच तर परत चार फूट कुंपण कशाला, लोकांवर खर्च कशाला टाका. कागदावर बरोबर आहे. मी सुद्धा परवानगीच्या टेबलावर असते तर कदाचित असंच नोटिंग केलं असतं. पण कुंपण ही वस्तू अशी पाहिजे की जी माणूस विसरला तरी आपलं काम करते. शिडी उचलण्याच्या भरवशावर दिलेली परवानगी म्हणजे घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसावर टाकलेलं ओझं, आणि त्या माणसाचं नाव फॉर्मवर कुठंच नसतं. त्यात आपल्यातल्या बहुतेकींना पोहता येत नाही, साडी किंवा गाऊन नेसून चार फूट भिंत ओलांडता येत नाही, आणि ९११ ला, म्हणजे तिकडच्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन लावून इंग्रजीत पत्ता सांगायचा तर घराचा नंबर आठवत नाही. तो तरी फ्रीजवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा म्हणून मी सूनबाईला सांगितलं, तिनं लगेच लावला.

आता कोणी म्हणेल ह्या बाई अमेरिकेचं काय सांगताहेत, आपल्याकडे आधी बघा. बरोबर आहे. लोणावळा, कर्जत, अलिबागला भाड्यानं मिळणारे बंगले बघा, जाहिरातीत पहिली ओळ 'प्रायव्हेट पूल', हॉलचं काचेचं दार सरकवलं की चार पावलांवर पाणी, आणि मधे काही नाही, कारण कुंपण घातलं की फोटो चांगला येत नाही. चाळीस माणसांचं गेट-टुगेदर, प्रत्येकाला वाटतं पोराकडे दुसरा कोणीतरी बघतोय. आणि शेततळी. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगाव झाली, पाण्याची सोय झाली, चांगलंच झालं, पण आतला प्लॅस्टिकचा कागद शेवाळ धरला की इतका गुळगुळीत होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, आणि कितीकांना कुंपण नाही, आत सोडलेला दोर नाही. त्याच्या बातम्या आपल्याच पेपरात आतल्या पानावर येतात, चार ओळीत. आपण त्या लांबवर छापाव्यात आणि तळ्याला कुंपण होतं की नव्हतं एवढं एक वाक्य प्रत्येक बातमीत घालावं अशी माझी विनंती आहे. आणि वीकेंडच्या बंगल्यांवर पुरवणी काढाल तेव्हा मिसळ कुठं चांगली मिळते त्याच्याबरोबर पूलला फाटक आहे का हेही लिहा.

परदेशातल्या मराठी मंडळांनाही सांगणं आहे. दर उन्हाळ्यात आई-वडिलांसाठी कार्यक्रम होतात, भावगीतं होतात, पुरणपोळी होते, छान वाटतं. त्यात पंधरा मिनिटं कोणीतरी उभं राहून पूल, दाराचा अलार्म, शिडी आणि ९११ एवढंच मराठीत सांगा. आम्हाला ऐकायला वेळच वेळ असतो.

आणि मे महिन्यात जे निघणार आहेत त्यांनी निघायच्या आधी फोनवर मुलाला-सुनेला सरळ विचारावं, घरामागे पूल आहे का, परमिट घेतलंय का, शिडी कोण काढतं आणि कुठं ठेवतात, ती मला उचलेल का, नसेल तर सुट्या पायऱ्यांची आणा. पोरं म्हणतील आई तू आल्या आल्या इन्स्पेक्शन करणार का. करा. बॅगेत एक मोजायची टेप टाका, तिकडे इंचांतच मोजतात आणि आपल्या टेपवर एका बाजूला इंच असतातच. आणि मोजताना बाहेरच्या बाजूनं मोजा, जमीन जिथं सगळ्यात उंच आहे तिथून.

आपली,
एक निवृत्त नगरपालिका कर्मचारी
सांगली